थाळीफेक्याच्या पायाशी

१

भैयाजी रहांगडाले आपल्याच बागेत थाळीफेक्याच्या पुतळ्याखाली सापडले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि त्यांच्या अंगावरचं आंघोळीचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

मी पोचलो तोवर चौघांनी मिळून पुतळा बाजूला सारला होता. भैयाजी गवतावर उताणे पडले होते. डोळे उघडे, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. हातात धुतलेल्या धोतराचं एक टोक घट्ट धरलेलं, आणि दुसरं टोक पुतळ्याच्या सिमेंटच्या थाळीला गुंडाळलेलं.  चाळीस वर्षांची दोस्ती. काल संध्याकाळी हाच माणूस मला म्हणाला होता, "गुरुजी, उद्या या जी, नव्या धानाचे पोहे कुटले आहेत."

मी केशोराव पटले. कामठ्याच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. नागपूरला शिकत असताना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या डोक्यांवरून पेन्सिली झिजवलेला मास्तर, त्यामुळे त्या विषयावर बोलायला लागलो की मला आवर घालणारा कुणी जन्माला आलेला नाही. भैयाजींच्या मुलानं, वीरेंद्रनं, रायपूरच्या एका हॉटेलात असले पुतळे पाहिले आणि नव्या बंगल्यापुढे पाच उभे केले. सौंदडच्या इंद्रकुमार मूर्तिकारानं माझ्याच जुन्या पुस्तकातली चित्रं बघून ते सिमेंटमध्ये घडवले. हात नसलेली बाई, डोकं नसलेली पंखवाली, तळपायातला काटा काढणारा, एक नुसताच दाढीवाला, आणि ऐन दारासमोर थाळी फेकायला वाकलेला उघडाबंब पहिलवान.

गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. धान कापायला जाणाऱ्या बायांनी रस्ता बदलला. भैयाजी मात्र खूश होते. म्हणायचे, "पोराच्या घरी पाहुणे आले आहेत, पण एकाजवळही धड कपडे नाहीत." दसऱ्याला बंगल्याची वास्तुशांत झाली. त्या दिवशी बुंदीची बशी हातात धरून मी या पुतळ्यांवर पाऊण तास बोललो. त्यांतले काही मूळचे ब्राँझचे कसे होते, ते वितळवले कसे गेले, रोमन लोकांनी संगमरवरात त्यांच्या नकला कशा केल्या. वीरेंद्र, त्याची बायको खुशी, इंद्रकुमार, सगळे ऐकत होते. निदान मला तसं वाटलं.

आणि आता त्यातलाच एक पाहुणा भैयाजींच्या छातीवर पडला होता.

पोलीस आले. ठाणेदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काल इथं कोण होतं?"

खुशी ओसरीच्या खांबाला धरून उभी होती.  ती एकदम बोलली.

"मंगरू होता. दिवेलागणीला. लोखंडी सबल घेऊन पुतळ्याच्या पायाशी काहीतरी करत होता."

२

मंगरू हा त्यांचा माळी. जंगलपट्ट्यातला, नवेगाव बांधाकडचा. दहा वर्षांपासून बायको जमुनासह भैयाजींच्या शेतातच राहतो. त्याच्या विरुद्ध बोलणारे साक्षीदार पाच मिनिटांत मिळाले, कारण 'हा नागडा एक दिवस पाडूनच टाकतो' असं तो चार लोकांत म्हणाला होता. त्यातून पुतळ्याच्या बुडाशी लाकडाची ताजी पाचर सापडली. दहाच्या सुमारास त्याला गाडीत बसवून नेलं. उद्या सकाळी कोर्टात उभा करणार म्हणाले.

बारा वाजता जमुना माझ्या दारात आली. रडत नव्हती. रागानं लाल झाली होती.

"गुरुजी, तुमी तं तेथीच होते. तुमी काऊन नाई बोलले?"

"मी काय बोलणार जमुना? मला काय माहीत?"

"मंग माहीत करून घ्या ना जी! थो पाडतो म्हणे ते मजाक होती. मलेच चिडवे थो. मी त्या बागेत जात नव्हती ना, म्हणून. बाबूजीनं त्याले पोरावानी ठेवलं. थो त्यायच्यावर गोटा पाडन?"

"मग सबल कशाला घेतली होती?"

"थे मले नाई माहीत." तिचा आवाज तिथं अडखळला. "पन आज त्याले खुनी ठरवलं, तं उद्या आमच्या पोरीले कोन आपल्या दारात उभी करन?"

मला लाज वाटली. तासन् तास बोलणारा मास्तर मी, आणि एका माणसाला गाडीत कोंबताना माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी चपला घातल्या.

बंगल्यावर पुढून जायची माझी हिंमत झाली नाही. तसाही मी नेहमी मागच्या दारानंच जायचो. भैयाजींचं सगळं जग मागच्या अंगणात होतं. बोअरिंग, बाज, तुळस, पानाचा डबा. पुढच्या बागेत मी वास्तूनंतर आज सकाळपर्यंत पाऊलही टाकलं नव्हतं. बोअरिंगजवळ त्यांचा आंघोळीचा लोटा पालथा होता. ज्यावर बसून ते रोज आंघोळ करायचे तो आडवा टाकलेला पांढरट खडबडीत ठोकळा अजून ओला होता, साबणानं बुळबुळीत. मी त्यावर टेकलो आणि पोटभर रडून घेतलं. मग उठलो, धोतराला लागलेला साबण झटकला आणि पुढं गेलो.

थाळीफेक्या कुशीवर पडला होता. मी आधी ओट्याकडे पाहिलं आणि चमकलो. पुतळा ज्या जाड फरशीवर ओतला होता ती फरशी जागची हललीच नव्हती. तिच्यावर दोन्ही पावलं तशीच शिल्लक होती. पुतळा मोडला होता तो घोट्यात.

पाचरही पाहिली. ती फरशीच्या खाली ठोकलेली होती, आणि ज्या बाजूला पुतळा पडला त्याच बाजूला. मी पाटीवर लिहावं तसं मनाशी लिहिलं. ज्याला पुतळा पूर्वेला पाडायचा आहे तो पाचर पश्चिमेकडून मारेल. पूर्वेकडून पाचर मारणारा माणूस पुतळा पाडत नाही, सावरतो.

घोट्यात वाकडी झालेली एकच बारीक सळई दिसत होती. भेगेच्या आत गंज चढला होता. म्हणजे भेग कालची नव्हती.

आणि उजव्या पावलाशेजारी फरशीवर भाकरीएवढा एक गुळगुळीत गोल डाग होता. वरून पांढरा रंग मारलेला. इथं काहीतरी होतं आणि आता नव्हतं. काय ते मला आठवेना. या पुतळ्याचं चित्र मी शेकडो वेळा पाहिलं असेल, फळ्यावर काढलं असेल. तरी आठवेना.

३

खुशी स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. बालाघाटची मुलगी, बोलता बोलता हिंदीत जाते.

"सूनबाई, भैयाजी सकाळी त्या पुतळ्याजवळ कशाला गेले होते?"

तिनं मान खाली घातली. 

"धोतर सुखवायला."

"पुतळ्यावर वाळत घालायला?"

"सामने धूप येते ना, गुरुजी. आधी तेथी तार बांधली होती. वास्तूच्या वेळेस मीच काढून टाकली. पुतळ्याच्या सामने कपडे लटकलेले कसे दिसन? मी बोलली, बाबूजी, पीछे सुखवत जा. ते हो म्हणे, आणि रोज थाळीवर टाकून देत. मी रोज काढत होती. आम्ही दोघं रोज भांडत होतो, हसत हसत." तिनं पदर तोंडात कोंबला. "ती तार मी काढली नसती तर?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण माझं डोकं दुसरीकडे चालू होतं. ओलं धोतर कितीसं जड? तेवढ्यानं तीन माणसांच्या वजनाचा पुतळा पडत नसतो. पुतळ्याला आधीच काहीतरी झालं होतं.

वीरेंद्र बैठकीत होता. माझाच विद्यार्थी, दहावीपर्यंत. मी मंगरूचं नाव काढताच तो उसळला.

"त्याची वकिली नका करू, गुरुजी! माया बाप गेला आहे!"

"मंगरूनं तुला पुतळ्याबद्दल काही सांगितलं होतं?"

"काय सांगणार थो?"

"आठव."

तो थांबला. "आठ दिवस झाले असतील. म्हणे, मालक, थाळीवाला कलून राहिला. म्या हसलो. म्हटलं, अबे, थो वाकलेलाच असते. त्याची पोजच तशी आहे." बोलताना त्याच्या चेहऱ्यावरचा राग जरा पुसट झाला. "परवा बी म्हणे. आमी सगळे हसलो."

पुतळाच असा निवडलेला, की तो कलला तरी कुणाला कळू नये. कळलं ते एका माळ्याला, कारण तो रोज त्याच्याभोवतीचं गवत काढायचा. मालकानं हसण्यावारी नेलं म्हणून त्यानं आपल्या अकलेनं पाचर ठोकली. त्याला वाटलं फरशी खचली. दुखणं घोट्यात होतं हे त्याला कुठून कळावं?

"वीरेंद्र, त्या पुतळ्याच्या उजव्या पायाशी काय होतं रे?"

त्याच वेळी बाहेर गाडी थांबली. शवविच्छेदनासाठी नेलेल्या भैयाजींना गोंदियाहून परत आणलं होतं. वीरेंद्र उठून गेला आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

४

घाटावर इंद्रकुमार भेटला. सौंदडहून मोटरसायकलनं आला होता, पण जवळ यायला घाबरत होता. पिढीजात गणपती करणारा माणूस. त्याच्या हातची मूर्ती पडून कुणाचा जीव गेला, हे त्याला गिळता येत नव्हतं.

"गुरुजी, मले लोक मारतील का?"

"आधी मला सांग, घोट्यात एकच सळई का घातलीस?"

त्याचे डोळे मोठे झाले. "एकच? घोट्यात एकच बसते जी, जागाच नाही तेथी. मोठ्या तीन सळया तं खोडातून वर नेल्या होत्या. कमरेपर्यंत."

"कुठल्या खोडातून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमच्याच पुस्तकात आहे ना? पायामागं झाडाचा बुंधा. म्या तं सालसुद्धा कोरली होती."

त्यानं मोबाइल काढला. वास्तूच्या आदल्या दिवशीचा फोटो होता. थाळीफेक्या उभा, आणि त्याच्या उजव्या पायाला खेटून मांडीपर्यंत आलेला एक तुटक्या झाडाचा बुंधा. पांढरा, खडबडीत, गाठी असलेला.

 अर्थात! प्रत्येक चित्रात तो असतो. ब्राँझला गरज नव्हती, पण दगडी माणसाचा सगळा भार एका घोट्यावर राहत नाही, म्हणून नक्कल करणाऱ्यांनी पायाशी बुंधा जोडला. चित्र काढायला लागलो की आम्ही मास्तर लोक आधी स्नायू पाहतो, बुंधा शेवटी कसाबसा खरडतो. म्हणून मला आठवला नाही.

"हा कापला कुणी?" इंद्रकुमार पुटपुटला. "हा कापला म्हणजे त्याले मारूनच टाकलं ना."

कापणाऱ्याला हे माहीत होतं की नव्हतं? माहीत असून कापला असेल, तर तो खून होता. मी चितेपलीकडे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. त्यांतल्या कुणाकडे दगड कापायचं यंत्र होतं? एकाकडेच होतं. दुर्गेश फरशीवाला, जो बंगल्याच्या मागच्या अंगणाचं काम महिनाभर करत होता. त्याची माझी नजरानजर झाली आणि त्यानं मान फिरवली.

५

घाटावरून आल्यावर घरात शिरायच्या आधी आंघोळ. सगळे मागच्या अंगणात जमले. ऊन उतरत आलं होतं. कुणीतरी बोअरिंग चालू केलं. पहिलं पाणी अग्नी देणाऱ्याच्या अंगावर, म्हणून वीरेंद्रला पुढं आणलं. तो बापाच्या जागी बसला आणि दुर्गेशनं त्याच्या डोक्यावर बादली रिकामी केली.

पाणी खाली ओघळलं. ठोकळ्यावरचा साबणाचा थर धुऊन निघाला, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून सगळे जागच्या जागी थिजले.

ठोकळ्याला साल होती. कोरलेली साल, गाठी, आणि बुडाशी कापलेल्या तीन सळयांची तीन लालसर तोंडं.

तीन आठवडे मी रोज त्या ठोकळ्याशेजारी बसून पान खाल्लं होतं. दुपारी त्याच्यावर बसून रडलो होतो. एकतीस वर्षं पोरांना 'नीट बघा, बघायला शिका' म्हणून ओरडलो, आणि स्वतः हा असा आंधळा.

"वीरेंद्र, ऊठ," मी म्हटलं. "ऊठ त्यावरून."

तो उठला. भांबावला होता.

"दुर्गेश, हा तू कापलास?"

दुर्गेशच्या हातातली बादली खाली पडली. "कापला जी. मालकानं सांगतलं म्हणून. अंदर सळया लागल्या, मशीनच्या दोन चकत्या गेल्या माया. म्या फेकाले नेत होतो, तं बाबूजी म्हणे, चांगली चीज कायले फेकतो बे, माया न्हाणीत ठेव, बसाले होईन." तो रडायला लागला. "पुतळा पडला तवाच माया मनात आलं होतं, पन बोलाची हिंमत नाही झाली."

म्हणजे भैयाजी रोज सकाळी त्या बुंध्यावर बसून आंघोळ करायचे, आणि मग उठून धोतर वाळत घालायला त्याच बुंध्यावाचून डळमळणाऱ्या पुतळ्याकडे जायचे. एकवीस दिवस. रोज थोडं ओझं, रोज थोडा हिसका, आणि घोट्यातली सळई वाकत गेली. आज त्यांनी धोतर नीट पसरायला टोक ओढलं, तेवढंच.

मी सगळं बोलून दाखवलं. पाचर, फरशी, गंज, सळया.  खुशी दारात उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. वीरेंद्रच्या अंगावरून पाणी टपकत होतं.

"म्हणजे मायाच हातानं," तो म्हणाला. "माया बाप मायाच हातानं गेला?"

"तुला माहीत नव्हतं. पण वीरेंद्र, का कापलास रे तो? कशासाठी?"

"खुशीच्या माहेरचे महाराज म्हणे, दारासमोर वठलेलं झाड नको. घरात पाळणा हलणार नाही." त्यानं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. "तरी म्या लगेच नाही कापला, गुरुजी. वाटलं, पुतळ्याचं काही बिघडलं तं? म्हणून वास्तूच्या दिवशी तुमाले विचारलं. म्हटलं, हा खुंट काढला तं चालन का? तुमी म्हणाले, अरे, असलमधी हा खुंट नव्हताच. नकलाकारांनी मागून चिकटवला. काढला तं उलट असलसारखा दिसन."

मला बोलल्याचं आठवत नव्हतं. मग आठवलं. बुंदीची बशी, भोवती उभे लोक, आणि माझा चढलेला आवाज. मी हसलोही होतो. आता मी खाली बसलो, आधाराला हात पसरला, आणि तो जाऊन टेकला त्या ओल्या बुंध्यावर.

६

ठाण्यात वीरेंद्र, दुर्गेश, इंद्रकुमार आणि मी, चौघंही गेलो. दिवे लागत होते. ठाणेदारांनी फोटो पाहिला, हवालदार पाठवून बंगल्यावरच तो बुंधा फरशीवरच्या डागावर ठेवून पाहायला सांगितला. बसला, अगदी चपखल. मग त्यांनी कागद पुढं ओढला.

"खुंट काढायला हरकत नाही, असं कोणी सांगितलं?"

वीरेंद्रनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी माझा विद्यार्थी. मास्तरचं नाव त्याच्या तोंडून येईना.

"लिहा," मी म्हटलं. "केशोराव पटले. निवृत्त चित्रकला शिक्षक."

मंगरू बाहेर आला तेव्हा जमुना फाटकाशी उभी होती. वीरेंद्रनं त्याचे पाय धरले, तसा तो घाबरून दोन पावलं मागं सरकला. "असं नोका करू, मालक," म्हणाला, आणि मग तोच वीरेंद्रला धरून रडला. बाबूजी गेले, आपण त्यांना खांदाही देऊ शकलो नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्यावर काय आळ आला होता याबद्दल एक शब्द नाही.

घरी परतताना मंगरू माझ्याशेजारून चालत होता.  गावाच्या वेशीजवळ त्यानं विचारलं,

"गुरुजी, थो खुंट असते तरी कायले जी?"

"पुतळा पडू नये म्हणून."

तो थबकला. एवढंसं उत्तर त्यानं मनातल्या मनात दोनदा उलटून पाहिलं असावं.

"येवढंच?" तो म्हणाला. "मंग वास्तूच्या दिवशी येवढंच काऊन नाई सांगतलं?"

त्यानं आरोप म्हणून नव्हतं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या दिवशी मी पाऊण तास बोललो होतो.